सणासुदीच्या सुट्टीत दवाखाना, औषध आणि अँब्युलन्स कशी मिळवायची, मेडिकलवाल्याच्या काउंटरवरून

माझं सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या रात्री पूजा झाली की शटर अर्धं वर ठेवून बसावं लागतं, कारण बाकी सगळं बंद असतं आणि लोक येतच राहतात. त्यातले निम्मे तरी लोक असे असतात की ज्यांचं काम दोन दिवस आधी पाच मिनिटांत झालं असतं. म्हणून हे लिहितोय. दिवाळी, गणपती, होळी, मेच्या सुट्ट्या, जोडून आलेला शनिवार रविवार, सगळ्याला लागू आहे.

पहिली गोष्ट जी लोकांच्या डोक्यात गडबड करते ती ही, की सुट्टी असते ओपीडीला, हॉस्पिटलला नाही. सरकारी हॉस्पिटलचं ओपीडीचं गेट बंद दिसलं की लोक परत फिरतात आणि मग प्रायव्हेट शोधत गावभर हिंडतात. अहो, त्याच बिल्डिंगला दुसऱ्या बाजूला कॅज्युअल्टी असते, आमच्याकडे तिला अपघात विभाग म्हणतात, आणि नावात अपघात असलं म्हणून फक्त गाडीवरून पडलेलाच तिथे जातो असं नाही. छातीत दुखणं, दम लागणं, फिट, विषबाधा, साप, विंचू, कुत्रा, जास्त ताप आलेलं लेकरू, सगळं तिथेच. 24 तास, 365 दिवस. केसपेपर पण तिथेच निघतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, पुण्यात ससून, जिल्ह्याच्या गावी सिव्हिल, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्र ज्याला आपण पीएचसी म्हणतो. पीएचसीला रात्री बाळंतपण आणि इमर्जन्सी बघायची सोय असायला हवी, पण प्रामाणिकपणे सांगतो, सणाच्या दिवशी पीएचसीत डॉक्टर हजर आहेत का हे फोन करून विचारूनच निघा. तुमच्या आशाताईंचा नंबर असेल तर सगळ्यात चांगलं, त्यांना बरोबर माहिती असतं ड्युटीवर कोण आहे ते.

पैशाचं पण सांगून टाकतो कारण लोक घाबरून जात नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. ससून, जेजे अशी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आणि महापालिकेची हॉस्पिटलं वेगळ्या खात्यात येतात, तिथे फी लागते पण प्रायव्हेटच्या मानाने किरकोळ.

आता प्रायव्हेट डॉक्टरांचं. सरकारी सुट्ट्यांची यादी त्यांना लागू नसते, ते आपल्या सोयीने बंद ठेवतात, आणि खरं सांगायचं तर वर्षभर रात्री अपरात्री उठणाऱ्या माणसाने दिवाळीत चार दिवस बायकापोरांना घेऊन कुठे गेलं तर त्यात काय चुकलं. फक्त आपण आधी विचारायला पाहिजे. वसुबारसेच्या आसपास क्लिनिकला एक फोन करा, कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरची ताई सांगते की डॉक्टर कधीपासून कधीपर्यंत नाहीत आणि त्यांच्या जागी कोणाला दाखवायचं. बहुतेक डॉक्टर एकमेकांचे पेशंट सांभाळतात, ते नाव आणि नंबर लिहून घ्या. काही गावांत डॉक्टरांची असोसिएशन सणात चालू असणाऱ्या दवाखान्यांची यादी काढते, ती व्हॉट्सअॅपवर फिरते, पण यादीवर साल बघा हं, आमच्या ग्रुपवर जुनीच यादी दरवर्षी कोणीतरी नव्याने टाकतं आणि वीस जण हात जोडलेला इमोजी टाकतात. गुगल मॅपवर ओपन दाखवतंय यावर पण सणाच्या दिवशी जाऊ नका, फोन लावा, उचलला तरच निघा.

औषधांकडे येऊ, कारण हे माझं खातं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोकांना वाटतं मेडिकल उघडं असलं म्हणजे झालं. पण आम्हाला माल देणारे होलसेलवाले, म्हणजे स्टॉकिस्ट, ते पण दिवाळीत दोन तीन दिवस बंद असतात. एरवी एखादी गोळी नसली तर मी सकाळी ऑर्डर टाकतो, संध्याकाळपर्यंत येते. दिवाळीत टाकली तर भाऊबीज उलटल्यावर येते. त्यामुळे रोजच्या बीपी शुगरच्या गोळ्या मिळतील कदाचित, पण फिटची विशिष्ट कंपनीची गोळी, थायरॉईडची ठराविक पॉवर, इन्सुलिनची ठराविक पेन, दम्याचा पंप, किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांची औषधं, कॅन्सरची औषधं, ही संपली तर संपली. ज्यांची ही औषधं चालू आहेत त्यांनी सण सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पुढच्या पंधरा दिवसांचा स्टॉक घरात आणून ठेवा. फिटची गोळी अचानक बंद झाली की फिट येऊ शकते, आणि सणात सगळ्यांची जेवणं आणि झोपेच्या वेळा आधीच बिघडलेल्या असतात.

आणि कृपा करून स्ट्रिप कापताना जरा डोकं वापरा. दरवेळी कोणीतरी दोन गोळ्या उरलेला तुकडा घेऊन येतं आणि नावाचा भाग नेमका कापून फेकलेला असतो. "दादा ती पांढरी छोटी गोळी, बाबा सकाळी घेतात ती." पांढऱ्या छोट्या गोळ्या माझ्याकडे दोनशे प्रकारच्या आहेत हो. गोळ्या नाव आणि एक्स्पायरी नसलेल्या बाजूने वापरत या, नावाची बाजू शेवटपर्यंत ठेवा. त्याहून सोपं म्हणजे आईवडिलांच्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिपचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे मोबाईलवर फोटो काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा. तुमची कंपनी आमच्याकडे नसली तरी कंपोझिशन, म्हणजे गोळीत मूळ औषध कोणतं ते, वाचून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आहे का हे बघता येतं, आणि द्यायचं का हे तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारता येतं. नाव माहीत नसेल तर कोणीच काही करू शकत नाही.

चिठ्ठीशिवाय द्या म्हणून वाद घालणारे पण भरपूर असतात. झोपेच्या गोळ्या, काही पेनकिलर, बरीचशी वरची अँटिबायोटिक्स ही शेड्यूल एच वन नावाच्या सरकारी यादीत येतात, 2014 पासून त्यांचं वेगळं रजिस्टर आम्हाला ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते सगळं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. तुमच्या ओळखीचा आहे म्हणून मी ते मोडणार नाही, आणि जो मोडून देतो त्याच्याकडून औषध घेताना तुम्हीच विचार करा. गावातली सगळी मेडिकल बंद असतील तर 24 तास ऍडमिशन घेणाऱ्या कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल बघा, ते उघडं असतं आणि बाहेरच्या माणसालाही चिठ्ठीवर औषध देतात बऱ्याच ठिकाणी.

इन्सुलिनवाले गावी जाताना एक लक्षात ठेवा. न उघडलेली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं असतं. चालू असलेली पेन किंवा बाटली बहुतेक सगळी चार आठवडे बाहेर सावलीत चालते, गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका.

अँब्युलन्स. 108 फुकट आहे, महाराष्ट्रात 2014 पासून आहे, आणि आपल्याकडच्या 108 मध्ये डॉक्टर असतो. हे लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं नुसती गाडी येते. फोन केल्यावर ते खूप प्रश्न विचारतात आणि माणूस चिडतो, पण उत्तरं द्या, कारण त्यावरूनच कोणती गाडी पाठवायची ते ठरतं, साधी का व्हेंटिलेटरवाली. पत्ता सांगताना "आपल्या मारुतीच्या देवळाजवळ" असं सांगू नका, गाव, तालुका, मेन रोडवरची खूण, आणि एक माणूस मोबाईलचा टॉर्च लावून रस्त्यावर उभा करा. 108 जवळच्या योग्य हॉस्पिटलला नेते, तुम्हाला हव्या त्याच मोठ्या प्रायव्हेटला नेईल असं धरून चालू नका. गरोदर बाई आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ असेल तर 102, तीही मोफत, जाणं आणि घरी परत सोडणं दोन्ही. 108 लागतच नसेल तर 112. आणि गावातल्या एका प्रायव्हेट अँब्युलन्सवाल्याचा नंबर असू द्या, निघायच्या आधी रेट ठरवून घ्या, सणाच्या रात्री काय वाट्टेल ते सांगतात.

विसर्जनाच्या दिवशी पुण्यात पेठांमध्ये राहणाऱ्यांनी वेगळा विचार करावा लागतो. लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड सगळे मिरवणुकीने बंद, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पण चालते. अँब्युलन्सला गर्दी वाट देते हे खरं आहे, मी बघितलंय, अक्षरशः पाण्यासारखी बाजूला होते, पण तुमची स्वतःची कार किंवा रिक्षा तशी जाणार नाही. घरात हार्टपेशंट असेल, नववा महिना चालू असेल, तर आदल्या दिवशीच नदीपलीकडे नातेवाइकांकडे मुक्काम हलवलेला बरा. डीजेच्या भिंतीपुढे बीपीवाल्या आजोबांना बसवून ठेवण्यात कसली भक्ती आहे देव जाणे.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी. मुंबई गोवा हायवेवर त्या दिवसांत आरोग्य पथकं असतात, ती कुठे आहेत हे त्या त्या वर्षी पेपरात येतं, फोटो काढून ठेवा. रस्त्यात अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका, मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत तसं कलमच आहे, नाव सांगायची पण सक्ती नाही. आणि मे 2025 पासून केंद्राची स्कीम आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. पोलीस केस आहे, आधी पोलिसांना बोलवा मग बघू असं कुठलं हॉस्पिटल म्हणालं तर 1989 च्या परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. भांडत बसू नका, शांतपणे म्हणा "तुम्ही उपचार नाकारताय असं केसपेपरवर लिहून द्या". बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

गावच्या घरात बंद खोल्या उघडून जमिनीवर गाद्या टाकल्या जातात आणि तिथेच साप येतो. मण्यार रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात रात्री जास्त मोदक झाले. अशा वेळी सरळ ग्रामीण रुग्णालय. दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिक नाही, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही. साप पकडून न्यायची काही गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही विषारी सापांवर आपल्याकडे एकच लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, चालते. निघताना फोन करून लस शिल्लक आहे का विचारा, नसेल तर पहिल्यापासूनच पुढच्या हॉस्पिटलला निघता येतं.

कुत्रं चावलं आणि उद्या सुट्टी आहे म्हणून परवा जाऊ, असं नाही चालत. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, हळद तंबाखू चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जाऊन रेबीजच्या लसीचा पहिला डोस. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजच्या सीरमचं वेगळं इंजेक्शन पण लागतं, ते द्यायचंय का हे तुम्ही स्वतःहून विचारा. पुढचे डोस सरकारीत चामडीत देतात तेव्हा दिवस 0, 3, 7 आणि 28 असे येतात, दंडात देतात तेव्हा 14 वा पण असतो. यातली एखादी तारीख बरोबर पाडव्याला किंवा रविवारी येते! पहिल्याच दिवशी कार्डावर तारखा लिहून घेताना विचारा, "ह्या दिवशी सुट्टी आहे, कुठल्या खोलीत यायचं?"

फटाक्याने भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढा. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, वरून कागदी कपासारखं काहीतरी धरा म्हणजे दाब येणार नाही, आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे. घरात पडलेली डोळ्याची जुनी बाटली टाकू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर डोळा जाईल. जास्त भाजलं असेल तर मुंबई नवी मुंबईकरांसाठी ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, पण आधी जवळच्या ठिकाणी सलाईन लावून घ्या आणि मग हलवा.

माझ्या काउंटरवर दिवाळीत सगळ्यात जास्त विकलं जातं इनो आणि अॅसिडिटीच्या गोळ्या. फराळ, तेल, जागरण, बरोबर आहे. पण पन्नाशीतला माणूस घामाघूम होऊन उभा आहे, छातीत जड वाटतंय, जबड्यात नाहीतर डाव्या हातात दुखतंय आणि म्हणतोय "गॅस झालाय, काहीतरी स्ट्राँग द्या", तर मी गोळी देत नाही, सरळ ईसीजी काढायला पाठवतो. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघतो, दहा मिनिटांचं काम आहे. शुगरवाल्यांना आणि बायकांना छातीत फार दुखतही नाही कधी कधी, नुसता दम, घाम, गळाल्यासारखं. स्वतः बाईक चालवत जाऊ नका. तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, एक हात उचलत नाही, तर लकव्याचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे शेवटचं नीट कधी होते ती वेळ लक्षात ठेवा आणि जिथे सीटी स्कॅन रात्री चालू आहे तिथेच न्या. हे सीटीचं आधीच माहीत करून ठेवण्यासारखं आहे, कारण सणात बऱ्याच सेंटरला मशीन असतं पण टेक्निशियन गावी गेलेला असतो.

डायलिसिसवाल्यांनी सेंटरला आठवडाभर आधी विचारा, आठवड्यातली एक पाळी सणाच्या दिवशी आली तर ते पुढे मागे करून देतात, पण चुकवू नका, आणि चिवडा, शेव, सुकामेवा यावर घरच्यांनीच लक्ष ठेवा. रक्ताचं पण तसंच. दिवाळीत आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, कॅम्प होत नाहीत, साठा कमी होतो आणि थॅलेसेमियाच्या पोरांची, ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं, ओढाताण होते. कुठल्या ब्लड बँकेत काय आहे ते ई-रक्तकोष या सरकारी साईटवर दिसतं, तरी निघायच्या आधी फोन. जमत असेल तर सुट्टी लागायच्या आधी रक्त देऊन या.

पैसे आणि कार्डं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, हेल्पलाईन 155388 किंवा 1800 233 2200. इमर्जन्सीत कार्ड हातात नसलं तरी फोनवर कळवून ऍडमिट करून घ्यायची सोय आहे, कागद नंतर द्यायचे, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधारचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण रेशनकार्ड गावी आणि पेशंट शहरात हे नेहमीचंच. प्रायव्हेट मेडिक्लेम असेल तर कार्डाच्या मागच्या टोल फ्री नंबरवर लगेच कळवा, उद्या ऑफिस उघडल्यावर बघू म्हणू नका. 2024 च्या नियमाप्रमाणे कॅशलेसला एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने उत्तर द्यायचं असतं, सुट्टी आहे म्हणून काउंटरवर थांबवलं तर हे सांगा.

आणखी एक, जे मेडिकलवाल्याला उशिरा कळतं. सणाच्या दिवसांत एकटी राहणारी माणसं, नुकतंच घरातलं कोणी गेलेली माणसं, ती रात्री उशिरा काहीतरी छोटं विकत घ्यायच्या निमित्ताने येऊन उभी राहतात. मन फार जड झालं तर 14416, टेलिमानस, 24 तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. कोणी झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्यात असा नुसता संशय आला तरी कॅज्युअल्टी, आणि रिकामी पाकिटं सोबत न्या.

सुट्टीत जिथे दाखवलं तिथले सगळे कागद, ईसीजी, इंजेक्शनचं नाव, सगळं घेऊन नंतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. फक्त सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ओपीडीला तुफान गर्दी असते, केसपेपरची लाईन गेटपर्यंत येते. नुसतं टाके दाखवायचे किंवा बीपी तपासायचं असेल तर एक दिवस जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी या, येताना माझ्याकडून उधारीवर नेलेल्या गोळ्यांचे पैसे पण घेऊन या.